घरगुती संगणकास विषाणुप्रतिबंधक आज्ञावलीची आवश्यकता आहे काय?

प्रश्नाचे स्वरूप

नर्मदेच्या सान्निध्यात वसलेले जबलपूर हे मध्य प्रदेशातील एक प्रमुख शहर आहे. उच्च न्यायालय, पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय, खमरिया येथील व इतर संरक्षणसाहित्याचे कारखाने आणि विद्यापीठे यांमुळे येथे नोकरदार वर्ग मोठा आहे. त्यात कित्येक पिढ्यांपूर्वी येऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आहेत. अशा एखाद्या कुटुंबातील संगणक हल्ली किती प्रकारची कामे करतो, याची मोजदाद केली तर आश्चर्य वाटेल. कारखान्यातून निवृत्त झालेल्या आजोबांचे निवृत्तिवेतन ज्या खात्यात जमा होते, त्या खात्याचे व्यवहार त्यावरून होतात. आयकराचे विवरणपत्र त्यावरच भरले जाते. नातवंडांचा अभ्यास, लग्नकार्यातील छायाचित्रे, घराच्या कागदपत्रांच्या प्रती, हे सर्व त्याच पेटीत साठविलेले असते.

असे यंत्र विकत घेताना दुकानदार बहुधा एक प्रश्न विचारतो, "अँटिव्हायरस टाकून देऊ का?" त्याची वर्गणी दरवर्षी भरावी लागते. पुष्कळ लोक ती भीतीपोटी भरतात. काही लोक ती निरर्थक समजून टाळतात. दोन्ही पक्षांना आपल्या निर्णयाचे कारण नेमके सांगता येत नाही. विषाणू म्हणजे काय, त्याला ओळखणारी आज्ञावली कशी चालते आणि तिची धाव कोठे संपते, एवढे समजले म्हणजे या प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्याला देता येईल.

संगणकाचा विषाणू

संगणक स्वतः होऊन काहीही करीत नाही. त्याला क्रमवार दिलेल्या आज्ञांचा जो संच, त्यास आज्ञावली म्हणतात. पत्र लिहिण्याची आज्ञावली निराळी, चित्र दाखविण्याची निराळी. विषाणू हीदेखील एक आज्ञावलीच होय. तिचे वैशिष्ट्य इतकेच की ती धन्याच्या संमतीवाचून चालते आणि स्वतःच्या प्रती दुसरीकडे चिकटविते. शरीरातील विषाणू ज्याप्रमाणे जिवंत पेशीत शिरल्यावाचून वाढू शकत नाही, त्याप्रमाणे संगणकाचा विषाणूही एखाद्या संचिकेत, म्हणजे आपण ज्यास 'फाइल' म्हणतो तीत, किंवा तबकडीच्या आरंभीच्या भागात दडून बसतो. अमेरिकेतील फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने १९८३ साली असे प्रयोग करून दाखविले. त्याचे मार्गदर्शक लेनर्ड एडलमन यांनी 'व्हायरस' हे नाव सुचविले.

घरगुती संगणकांत पसरलेला आरंभीचा विषाणू आपल्या उपखंडातीलच होता. १९८६ साली लाहोर येथील बासित व अमजद फारूक अल्वी या बंधूंनी 'ब्रेन' नावाचा विषाणू लिहिला आणि त्यात आपल्या दुकानाचा पत्ताही घातला. पुढे १९९० साली भारतात एक विषाणू आढळला, त्याचे नाव 'जोशी' असे पडले. तो फ्लॉपी नावाच्या लवचीक तबकडीतून एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जात असे. दरवर्षी ५ जानेवारीस तो संगणक अडवून धरी आणि 'हॅपी बर्थडे जोशी' अशी अक्षरे टंकलिखित करावयास लावी. ती टंकलिखित केल्यावर यंत्र पूर्ववत चालू होई. कळफलकावरील नेहमीच्या तीन कळा एकदम दाबून यंत्र पुन्हा सुरू केले तरी तो स्मृतीत टिकून राही. त्याला हटविण्यासाठी यंत्राची वीजच बंद करावी लागे आणि नंतर शुद्ध तबकडीने ते सुरू करावे लागे.

काळाच्या ओघात या कुळात अनेक शाखा निघाल्या. जाळ्यातून आपोआप सरपटत जाणाऱ्या आज्ञावलीस 'वर्म' म्हणजे कृमी म्हणतात. उपयुक्त वस्तूचे सोंग घेऊन घरात येणाऱ्या आज्ञावलीस ग्रीक कथेतील लाकडी घोड्यावरून 'ट्रोजन' हे नाव मिळाले. संचिका कुलूपबंद करून किल्लीसाठी पैसे मागणारीस खंडणीखोर आज्ञावली म्हणतात. जोशी विषाणूचा खोडकरपणा आता जवळजवळ लोपला आहे. हल्लीच्या उपद्रवी आज्ञावलींमागे बहुतेक वेळा द्रव्यलोभ असतो.

दुरुस्तीच्या दुकानातून निघालेला उद्योग

विषाणूंवरील उपायाचा इतिहास महाराष्ट्राशी निगडित आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर हे पुण्यात कॅल्क्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्त करीत असत. दुरुस्तीस येणारी पुष्कळ यंत्रे सुट्या भागांच्या बिघाडामुळे बंद पडलेली नसत, तर विषाणूंमुळे बंद पडलेली असत. त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर संगणकशास्त्र शिकत होते. एकेका विषाणूचा अभ्यास करून त्यास काढून टाकणाऱ्या लहान लहान आज्ञावली त्यांनी लिहिल्या. त्या काळी 'मायकेलअँजेलो' या विषाणूचा बोलबाला होता. तो त्या चित्रकाराच्या जन्मदिनी, म्हणजे ६ मार्चला, तबकडीवरील माहिती पुसून टाकी. या खटपटीतून १९९५ च्या सुमारास 'क्विक हील' हे उत्पादन आकारास आले. काटकर बंधूंच्या कंपनीने २००७ मध्ये तेच नाव धारण केले आणि २०१६ मध्ये तिचे समभाग बाजारात नोंदले गेले.

मायकेलअँजेलोची कथा दुसऱ्या एका दृष्टीनेही बोधप्रद आहे. १९९२ च्या ६ मार्चला लाखो संगणक निकामी होतील, अशी भाकिते वृत्तपत्रांत झळकली होती. प्रत्यक्षात हानी झालेली यंत्रे हजारांच्या घरातच राहिली. संकट खरे होते, परंतु त्याचे आकारमान फुगविले गेले होते आणि त्या भीतीमुळे संरक्षक आज्ञावलींची विक्री मात्र वाढली. विषाणूंविषयीची प्रत्येक सूचना ऐकताना ती कोण देत आहे आणि त्यात त्याचा लाभ किती, याचाही विचार करावा, असे या घटनेवरून म्हणता येईल.

ओळख कशी पटते

विषाणुप्रतिबंधक आज्ञावली मुख्यतः दोन रीतींनी काम करते. पहिली रीत खुणेची. पोलीस ठाण्यात जशी गुन्हेगारांच्या बोटांच्या ठशांची नोंदवही असते, तशी या आज्ञावलीजवळ ज्ञात विषाणूंतील विशिष्ट अक्षरमालिकांची यादी असते. संगणकावर येणारी प्रत्येक संचिका ती या यादीशी ताडून पाहते. जुळले तर ती संचिका निराळ्या कोठडीत बंद करते. यादी रोज नवी करावी लागते, कारण यादीत नसलेल्या विषाणूपुढे ही रीत आंधळी असते. विषाणूचे लेखक म्हणूनच आपल्या आज्ञावलीचे बाह्य रूप प्रत्येक प्रतीत बदलतात.

दुसरी रीत वर्तनाची. एखाद्या आज्ञावलीने काही मिनिटांत शेकडो छायाचित्रे उघडून ती सांकेतिक लिपीत पुन्हा लिहिण्यास प्रारंभ केला, तर तिचे नाव ठाऊक नसले तरी तिचा हेतू संशयास्पद ठरतो. रक्षक तिला मध्येच थांबवितो. अलीकडे यास तिसऱ्या साधनाची जोड मिळाली आहे. अनोळखी संचिकेची खूण जाळ्यावरून कंपनीच्या मोठ्या संगणकाकडे पाठविली जाते आणि इतरत्र ती दिसली आहे काय, याची क्षणात चौकशी होते. यास्तव यंत्र जाळ्यास जोडलेले असताना त्याची परीक्षणशक्ती अधिक असते.

रक्षक जागा आहे की नाही हे तपासण्यासाठी तज्ज्ञांनी एक निरुपद्रवी युक्ती ठरविली आहे. केवळ ६८ अक्षरांची एक ओळ सर्व कंपन्यांनी परस्पर संमतीने विषाणू मानली आहे. तिला 'आयकार चाचणी संचिका' म्हणतात. ती ओळ एका साध्या संचिकेत साठविताच जागा असलेला रक्षक ओरडून उठतो. शाळेच्या संगणककक्षात शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग सहज करून पाहता येईल.

पूर्ण ओळख अशक्य का आहे

यानंतर साहजिकच असे विचारले जाईल की प्रत्येक विषाणू अचूक ओळखणारी परिपूर्ण आज्ञावली लिहिता येणार नाही काय? याचे उत्तर गणिताने दिले आहे आणि ते नकारार्थी आहे. कोहेन यांनी १९८४ मध्ये मांडलेली युक्ती पुढीलप्रमाणे आहे. समजा, असा एक परीक्षक अस्तित्वात आहे की जो कोणतीही आज्ञावली पाहून ती विषाणू आहे की नाही हे बिनचूक सांगतो. आता एक खोडसाळ आज्ञावली लिहावी. ती प्रथम त्या परीक्षकास आपल्या स्वतःविषयी विचारील. परीक्षक "विषाणू आहे" म्हणाला, तर ती स्वस्थ बसेल. "नाही" म्हणाला, तर ती पसरू लागेल. अर्थात परीक्षकाने कोणतेही उत्तर दिले तरी ते चुकीचेच ठरते. म्हणून असा परीक्षक असूच शकत नाही. ॲलन ट्यूरिंग यांनी १९३६ साली संगणनाच्या मर्यादांविषयी जो सिद्धांत मांडला, त्याच्याच जातीचा हा निष्कर्ष आहे.

तात्पर्य, प्रत्येक रक्षकास अंदाजाचा आधार घ्यावा लागतो आणि अंदाज दोन बाजूंनी चुकतो. कधी चोर सुटतो, कधी साव पकडला जातो. दुसऱ्या चुकीचे महत्त्व एका लहानशा हिशेबाने ध्यानात येईल. घरच्या संगणकावर २ लाख संचिका आहेत असे मानू आणि रक्षकाची चूक १० हजारांत केवळ एकदा होते असे धरू. तरीही २० निर्दोष संचिका अपराधी ठरतील. यास्तव प्रत्येक कंपनीस संशयाचा काटा फार वर नेता येत नाही, आणि तो खाली ठेवला की काही खरे विषाणू निसटतात.

साव पकडला गेल्याची मोठी उदाहरणेही घडली आहेत. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी कंपनीच्या नव्या यादीने विंडोज एक्सपी या परिचालन प्रणालीचाच एक आवश्यक भाग विषाणू समजून बाजूला काढला. त्यामुळे असंख्य संगणक पुनःपुन्हा बंद होऊन सुरू होऊ लागले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष सुधारणेने जगातील सुमारे ८५ लाख यंत्रे ठप्प केली. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. ही दुसरी आज्ञावली मोठ्या संस्थांसाठी होती, घरांसाठी नव्हे. परंतु रक्षकास यंत्रात सर्वोच्च अधिकार द्यावे लागतात आणि म्हणून त्याची चूकही महाग पडते, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू आहे.

भिंतीतील भगदाड

कित्येक वेळा विषाणू दारातून येतच नाही. तो परिचालन प्रणालीत राहून गेलेल्या दोषातून आत येतो. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर कृमीने सुमारे १५० देशांतील २ लाखांहून अधिक संगणकांच्या संचिका कुलूपबंद केल्या आणि प्रत्येकी ३०० डॉलरच्या किमतीचे बिटकॉइन मागितले. भारतातही आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही यंत्रांना त्याचा उपद्रव झाला. या कृमीला कोणी संचिका उघडण्याची आवश्यकता नव्हती. विंडोजमधील एका दोषातून तो एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रात शिरत असे.

यातील लक्षणीय गोष्ट अशी की मायक्रोसॉफ्ट कंपनीने तो दोष बुजविणारी सुधारणा १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे ५९ दिवस आधी, विनामूल्य दिली होती. ती ज्यांनी बसविली होती त्यांच्या यंत्रात हा कृमी शिरू शकला नाही, मग तेथे विकतचा अँटिव्हायरस असो वा नसो. "अद्ययावत करीत आहे, यंत्र बंद करू नका" ही सूचना कामाच्या वेळी त्रासदायक वाटते खरी, परंतु घरगुती संगणकाच्या संरक्षणातील पहिली वीट तीच होय.

यावरून जुन्या यंत्रांविषयी एक कठोर निष्कर्ष निघतो. विंडोज ७ ला मिळणारी सर्वसाधारण सुधारणा १४ जानेवारी २०२० रोजी थांबली आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज १० साठी कंपनीने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा-योजना जाहीर केली, तिच्यासाठी निराळी नोंदणी करावी लागते. सुधारणा थांबलेल्या यंत्रावर विकतचा रक्षक बसविणे म्हणजे भिंतीला भगदाड असताना दाराला दुसरे कुलूप लावणे होय. अशा यंत्रावर नवी प्रणाली बसवावी, किंवा लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली वापरावी. तेही शक्य नसेल तर निदान बँकेचे व्यवहार त्यावरून करू नयेत.

यंत्रासोबत येणारा रक्षक

दुकानदाराचा प्रश्न १९९५ साली रास्त होता, कारण त्या काळी विंडोजमध्ये स्वतःचा रक्षक नव्हता. ही स्थिती २०१२ मध्ये पालटली. त्या वर्षीच्या विंडोज ८ पासून 'डिफेंडर' हा पूर्ण अँटिव्हायरस प्रणालीतच अंतर्भूत झाला. त्याची यादी प्रणालीच्या सुधारणांबरोबर आपोआप नवी होते आणि त्यासाठी निराळे मूल्य पडत नाही. जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्ज या संस्था निरनिराळ्या रक्षकांची नियमित परीक्षा घेतात. आरंभीच्या काळात डिफेंडर त्यांत मागे पडत असे; अलीकडच्या वर्षांत मात्र तो विकतच्या उत्पादनांच्या पंक्तीस बसू लागला आहे. ॲपल कंपनीच्या मॅक संगणकांतही 'एक्सप्रोटेक्ट' नावाची अशीच अंगभूत व्यवस्था आहे.

म्हणून "अँटिव्हायरस हवा काय" या प्रश्नाचे अचूक रूप आता असे होते: जो अँटिव्हायरस यंत्रात आधीपासूनच आहे, त्यापेक्षा दुसरा विकत घेण्याजोगे कारण आहे काय? येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, दोन रक्षक एकाच वेळी पहाऱ्यास ठेवू नयेत; ते एकमेकांवरच संशय घेतात आणि यंत्र मंदावते. दोन, नव्या यंत्रासोबत अल्पमुदतीसाठी दिलेल्या रक्षकाची मुदत संपली आणि वर्गणी भरावयाची नसेल, तर तो काढून टाकावा व डिफेंडर जागा झाल्याची खात्री करून घ्यावी. निष्क्रिय रक्षकाचे चित्र पटलाच्या कोपऱ्यात दिसत राहते आणि खोटा धीर देते. तीन, विनामूल्य मिळणाऱ्या सर्वच वस्तू खरोखर विनामूल्य नसतात. अवास्ट या प्रसिद्ध कंपनीने ग्राहकांच्या जाळ्यावरील भ्रमंतीची माहिती विकल्याच्या प्रकरणी अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०२४ मध्ये तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले.

आतून उघडले जाणारे दार

जबलपूरच्या इतिहासात या विषयास लागू पडणारा एक दाखला आहे. १८३० नंतरच्या दशकात विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांविरुद्धची मोहीम याच शहरातून चालविली. ठगांच्या गुप्त बोलीतील शब्दांचा संग्रह त्याने १८३६ मध्ये प्रसिद्ध केला. एक प्रकारे ती खुणांची यादीच होती. ठगीचे त्या अधिकाऱ्यांनी रंगविलेले चित्र कितपत खरे, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु त्या वृत्तांतांत एक गोष्ट वारंवार येते, ती अशी की ठग वाटसरूंवर तुटून पडत नसत. ते सहप्रवासी होऊन सोबत चालत, गोड बोलत आणि वाटेतील चोरांपासून सावध राहण्याचा सल्लाही देत.

आजच्या घरगुती संगणकावरील मोठे संकट याच जातीचे आहे. पहिले उदाहरण चोरट्या आज्ञावलीचे. दुकानात जुळविलेल्या संगणकावर मूल्य न भरता बसविलेली प्रणाली, किंवा खेळाची 'क्रॅक' केलेली प्रत, यांच्यासोबत बहुधा एक सूचना असते: "बसविण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा." धनी स्वतःच पहारेकऱ्यास रजा देतो. यानंतर जे आत येते त्याचा दोष रक्षकास देता येत नाही.

दुसरे उदाहरण खोट्या रक्षकाचे. एखादे संकेतस्थळ पाहत असताना अकस्मात संपूर्ण पटल लाल होते, भोंगा वाजू लागतो, "आपल्या संगणकात पाच विषाणू सापडले" असा मजकूर येतो आणि खाली दूरध्वनी क्रमांक असतो. संकेतस्थळास संगणकाची अशी झडती घेताच येत नाही. ते केवळ चित्र असते. त्या क्रमांकावर बोलणारा मनुष्य एक आज्ञावली बसवावयास सांगतो आणि तिच्या साहाय्याने दूर बसून यंत्राचा ताबा घेतो. ती आज्ञावली दूरस्थ दुरुस्तीसाठी वापरली जाणारी, पूर्णपणे कायदेशीर असते. म्हणून कोणताही रक्षक तिला सहसा अडवीत नाही.

तिसऱ्या प्रकारात आज्ञावलीचीही गरज नसते. पोलीस अधिकाऱ्याच्या वेषातील मनुष्य चित्रफितीच्या संभाषणातून वृद्ध दांपत्यास "डिजिटल अटक" झाल्याचे सांगतो आणि ठेवी दुसऱ्या खात्यात वळवावयास लावतो. अशी अटक भारतीय कायद्यात अस्तित्वातच नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ रोजीच्या नभोवाणी भाषणात जनतेस याविषयी सावध केले होते. येथे संगणक पूर्णपणे निरोगी असतो, लुबाडला जातो तो माणूस. वार्षिक वर्गणी भरून "आता आपण सुरक्षित" असे मानणारा मनुष्य या ठिकाणी अधिक बेसावध असण्याचा संभव आहे. अशी फसवणूक झाल्यास क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी ती गोठविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.

दुसरी प्रत

सर्व उपाय करूनही संचिका नष्ट होण्याची भीती उरतेच. विषाणू नसला तरी तबकडी झिजते, वीज चंचल होते, यंत्र चोरीस जाते. यावर उपाय एकच, तो म्हणजे दुसरी प्रत. ती यंत्रापासून अलग ठेवलेली असली पाहिजे, कारण जोडून ठेवलेली तबकडी खंडणीखोर आज्ञावली मूळ संचिकांबरोबरच कुलूपबंद करते.

या नियमाचे अत्यंत बोलके उदाहरण २७ जून २०१७ चे आहे. 'नॉटपेट्या' नावाच्या विध्वंसक आज्ञावलीने मर्स्क या जहाज कंपनीची संगणकव्यवस्था जगभर उद्ध्वस्त केली. मुंबईजवळील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामही त्यामुळे विस्कळीत झाले. ती आज्ञावली युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या अधिकृत सुधारणेत दडून आली होती. कंपनीच्या जाळ्याचा मूळ आराखडा ज्या संगणकांवर होता, ते सर्व एकामागून एक पुसले गेले. वाचला तो आफ्रिकेतील घाना देशातील एकच. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती आणि तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता. त्या एका प्रतीवरून सारा डोलारा पुन्हा उभा करण्यात आला. त्या कंपनीस जे योगायोगाने लाभले, ते घरातील मनुष्यास महिन्यातून एकदा बाहेरील तबकडी जोडून, प्रत घेऊन आणि ती काढून कपाटात ठेवून हेतुपुरस्सर साधता येते.

निर्णय

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतील.

१. सुधारणा चालू असलेले विंडोज किंवा मॅक यंत्र, एकाच कुटुंबाचा वापर आणि रीतसर मिळविलेल्या आज्ञावली, अशी स्थिती असेल तर निराळा अँटिव्हायरस विकत घेण्याची आवश्यकता नाही. अंगभूत रक्षक मात्र बंद करू नये.

२. जेथे अनेकांचे पेन ड्राइव्ह येतात, तेथे प्रश्न निराळा होतो. सार्वजनिक ग्रंथालय, शाळेचा संगणककक्ष, झेरॉक्सचे दुकान ही अशी ठिकाणे होत. सर्व यंत्रांवर एकाच ठिकाणाहून देखरेख ठेवणारे विकतचे उत्पादन तेथे उपयुक्त ठरते. झेरॉक्सच्या दुकानातून परत आणलेला पेन ड्राइव्ह घरी उघडण्यापूर्वी तपासून घ्यावा.

३. घरातूनच लहान व्यवसाय चालत असेल आणि ग्राहकांचे हिशेब यंत्रावर असतील, तर वर्गणीत मिळणारे तज्ज्ञाचे साहाय्य मोलाचे ठरू शकते. तेव्हा आपण कशासाठी पैसे देत आहोत हे समजून द्यावे.

४. यंत्र बाधित झाल्याची शंका आल्यास भारत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरून शुद्धीकरणाची साधने विनामूल्य घेता येतात. पुण्यातील क्विक हीलचे साधनही तेथे उपलब्ध करण्यात आले होते.

५. रोजच्या कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते वापरावे. प्रणालीत बदल करण्याचे अधिकार असलेले खाते निराळे ठेवावे, म्हणजे चुकून चाललेल्या आज्ञावलीचे हातही बांधलेले राहतात.

जो पैसा वर्गणीवर खर्च व्हावयाचा, तो बहुतेक घरांनी एका बाहेरील तबकडीवर खर्च करावा, असा या सर्वांचा मथितार्थ होय. घरातील सर्वांत वडील आणि सर्वांत लहान अशा दोघांनाही एक गोष्ट समजावून सांगावी: घाई करावयास लावणारी सूचना आली की हात कळफलकावरून काढून घ्यावा आणि घरातील दुसऱ्या कोणास तरी विचारावे. जबलपुरातील आजोबांचे निवृत्तिवेतन सुरक्षित राहण्यास अद्ययावत प्रणाली, अलग ठेवलेली प्रत आणि हा एक क्षणाचा विचार यांची गरज अधिक आहे. यांतील एकाही गोष्टीसाठी दरवर्षी वर्गणी भरावी लागत नाही.